सलग कोबा

मुंगळ्यांची एक रांग शेडच्या दारातून आत जाते, मधोमध पसरते आणि तासाभरानं दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. आत खायला काहीही नाही.

इंदापूर-बारामती एस.टी.च्या टपावर सुतळीनं करकचून बांधलेलं एक मोठं बोचकं. कंडक्टर त्याचं भाडं मागतो. खाली बसलेली बाई म्हणते, "रिकामं हाय की सगळं!"

काचेची पट्टी. चार इंच लांब, बोटभर रुंद.

काळ्या रानाला चैत्रात पडलेली भेग. तीत एकदा खुरपं मुठीसकट गेलं. पावसाळ्यात रान मिटलं, खुरपं काही परत मिळालं नाही.

नवा कोरा लाल ट्रॅक्टर. बॉनेटवर साखरेच्या गाठींची माळ. तो आत घ्यायचा की बाहेरच ठेवायचा यावर चार माणसं वाद घालतायत आणि पाचवा माणूस उकिडवा बसून जमिनीत खिळा घालून बघतोय.

*

खिळा घालून बघणारा माणूस बिरदेव देवकाते. गवंडी. वय बावन्न. त्याचे वडील मेंढ्या राखायचे, तोही तरुणपणी राखायचा. पुढे कळप गेला आणि हातात थापी आली. जळोचीच्या वस्तीवर राहून त्यानं पंचवीस वर्षं लोकांची कामं केली. गोठे बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या, कुणाच्या घराला एक खोली जोडली, कुणाच्या ओसरीला कट्टा केला. पण पायापासून छपरापर्यंत एक सबंध घर त्याच्या हातून झालं नव्हतं. आता व्हायचं होतं.

घर दत्तोबांचं. दत्तोबा माळेगाव बुद्रुकचे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. ऊस माळेगावात, पण लेक राजेश्वरी बारामतीत सिव्हिलच्या डिप्लोमाला, म्हणून त्यांनी जळोचीत चौदा गुंठे घेतले. तिथं आधी ट्रॅक्टरची शेड, मग तिला लागून घर. बिरदेवच्या वडलांचा कळप दत्तोबांच्या वडलांच्या रानात खतासाठी बसायचा, तेव्हापासून दोघांची ओळख. त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. शेड मार्चमध्ये उभी राहिली. घराचा पाया अक्षय्य तृतीयेला आखायचा ठरला. साल सत्त्याण्णव.

शेडमधला कोबा तीस फूट बाय अठरा फूट.

"आबा, मधी दोन ठिकाणी सांधं सोडतो," बिरदेव म्हणाला होता. "तीन तुकडं करू. सिमिट वाळताना आखडतं."

"तुकडं नकोत. सलग कर. आरशावानी दिसलं पायजे."

"आरसाबी तडकतो."

"बिरदेवा, शेड माझी का तुझी?"

"शेड तुमची. कोबा माझा."

"मग माझ्या शेडीत तुझा कोबा सलग कर."

बिरदेवची बायको गोजरबाई घमेलं उतरवत होती, ती हसली. बिरदेवही हसला, आणि त्यानं कोबा सलग केला. दगडाचं सोलिंग, वर धुमसानं ठोकून बसवलेला मुरूम, वर चार इंच काँक्रीट. सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी तीनला उरकलं. मग रंध्यानं घोटून घोटून त्यानं वर असं तोंड आणलं की दारातून बघितलं तर छपराच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या त्यात उलट्या दिसाव्यात.

खरी अडचण पाण्याची होती. कोबा ओला ठेवायचा, तो वाळू द्यायचा नाही. पण मार्चचं ऊन, त्यात दुपारी माळावरून सुटणारा वारा, आणि विहिरीच्या मोटारीला लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. वर काहीतरी झाकण टाकून ते भिजत ठेवायला हवं. माळेगावहून उसाच्या पाचटाची ट्रॉली येणार होती, ती आली निम्मीच. मागच्या भिंतीकडेनं दोन-तीन फुटांची पट्टी झाकली आणि संपली.

"थांबा," गोजरबाई म्हणाली. "म्या परवाच सोय करून ठिवलीया."

तिचा धाकटा भाऊ कुंडलिक इंदापूरकडच्या एका कारखान्याच्या गोदामात हमाल होता. त्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे. बहिणीला तर नाहीच. दोन दिवस आधी ती जाऊन त्याच्याकडून फाटकी तागाची पोती घेऊन आली होती. बावीस. एस.टी.च्या टपावरून. ती तिनं उसवून पसरट केली आणि कोबा जरा धरल्यासारखा झाल्याबरोबर, संध्याकाळच्या आत, एकाला एक लावून अंथरली. वरून पाणी मारलं.

"पाचट वाऱ्यानं उडतंय," ती म्हणाली. "पोतं कसं बसून ऱ्हातंय बगा."

बिरदेव म्हणाला, "तुज्यावानीच."

"मी बसून ऱ्हाते व्हय? मी बसले असते तर तुमच्या कोब्याचा पापड झाला असता."

*

पाडव्याला कोब्याचा पापड झाला.

दत्तोबांचा मुलगा सौरभ ट्रॅक्टर घेऊन आला होता. शोरूमहून थेट. राजेश्वरीनं चाकांना हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला, गाठीची माळ बॉनेटवर चढली. पोती आदल्या दिवशी काढून कडेला रचली होती. कोबा फिकट राखाडी, जरा पिठासारखा दिसत होता. बिरदेवला तो रंग आवडला नव्हता, पण सणाच्या दिवशी बोलायचं कसं?

सौरभनं ट्रॅक्टर दारातून आत घातला आणि चार हात गेल्यावर कच्चकन थांबवला. मोठ्या चाकाच्या नक्षीला कोब्याची वरची साल चिकटून आली होती.

"आबा! हिकडं या. पापडावानी निघतंय ह्ये."

सगळे वाकले. मग एकेक दिसायला लागलं. वरच्या साऱ्या तोंडावर बारीक तड्यांचं जाळं पडलं होतं, तळं आटल्यावर गाळाला पडतं तसं. नखानं खरवडलं की पीठ निघत होतं. आणि दारापासून बाराएक फुटांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक लांब तडा.

"सिमिट खाल्लं का काय कुणी?" सौरभ म्हणाला.

"सौरभ," दत्तोबा म्हणाले.

"न्हाय आबा, इचारतो. सोळा दिवस झालं. सोळा दिवसांत दगुड व्हायला पायजे. ट्रॅक्टरनं ही गत, तर उद्या हेच घराला झालं तर? वर स्लॅब असनार, खाली आपण."

"सिमिटाची पोती तू सोता मोजून उतरवलीस," गोजरबाई म्हणाली. "रिकामी पोतीबी तूच मोजलीस. खाल्लं तर तुज्यासमोरच खाल्लं आसंल."

"मामी, तुमाला न्हाय म्हनत."

"मग कुनाला म्हनतोस?"

बिरदेव उकिडवा बसून लांब तड्यात खिळा घालत होता. खिळा दीड इंच आत जायचा. पुढे सरकायचं, पुन्हा घालायचा.

"जमीन काळी हाय," तो शेवटी म्हणाला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "म्या मुरमापर्यंत खणलं न्हाय सगळीकडं. खालनं हलली आसंल."

हे त्यानं बोलायला नको होतं. सौरभनं लगेच ते उचललं. "म्हंजे घराखालीबी हलनार. आबा, बारामतीत मानसिंग कॉन्ट्रॅक्टर हाय. आर.शी.शी.ची कामं करतो. त्याला दाखवू तरी."

दत्तोबांनी बिरदेवकडं बघितलं नाही. ते गाठीची माळ सरळ करत म्हणाले, "घराचं मग बघू. आखितीपर्यंत टाइम हाय."

घराचं मग बघू. बिरदेव हे तीन शब्द घेऊन घरी गेला.

*

राजेश्वरीच्या वहीतलं एक पान:

"तडा अ. दारापासून १२ फूट २ इंच. लांबी पूर्ण रुंदीभर, १८ फूट. रुंदी: बारीक खिळा जातो, जाड जात नाही. दोन्ही बाजू एका पातळीत. (बिरदेवमामांनी डोळे मिटून नख फिरवलं, नख कुठंही अडलं नाही.) भिंतीत वर चढलेला नाही.

तडे ब. मोजता येत नाहीत. जाळं. खोली फार नाही, अर्धा इंच असेल. पीठ निघतं.

तडे क. मागच्या भिंतीकडेनं. नाहीत."

शेवटच्या ओळीवर तिनं प्रश्नचिन्ह केलं होतं. मग ते खोडलं होतं.

*

"इंजिनेरबाई, ह्ये काय?"

"काच. खिडकीची फुटकी होती, काचवाल्याकडनं पट्ट्या काढून आणल्या. ही आडवी चिकटवायची. तड्याच्या हिकडं एक टोक, तिकडं एक टोक. जमीन हलली की तडा रुंदावणार. तडा रुंदावला की काच फुटणार."

"आन न्हाय फुटली तर?"

"तर तडा जिथं हाय तिथंच हाय. मेला."

"मेला," बिरदेव म्हणाला. त्याला शब्द आवडला. "तुमच्या कालेजात तड्याला जीव असतोय?"

"सर म्हणतात, जिवंत तडा आणि मेलेला तडा."

"बरोबर हाय. आमीबी तसंच बघतो, फकस्त नाव न्हाय ठिवत." तो तड्याच्या कडेला मांडी घालून बसला. "ह्ये बघ. पायाचा तडा आसंल तर एक बाजू खाली जाती, एक वर. नखाला पायरी लागती. दार घासायला लागतं. भिंतीत तिरका चढतो, खिडकीच्या कोपऱ्यातनं, आन वर रुंद, खाली बारीक. त्यो तडा बघितला की मानसानं जेवू न्हाय. आन वाळल्याचा तडा म्हंजे म्हाताऱ्याच्या कपाळावरली रेघ. दिसती, दुखत न्हाय."

"मग हा कुठला?"

बिरदेवनं तड्यावरची धूळ फुंकली.

"पोरी, दुसऱ्याच्या कोब्याला असता तर सांगितलं असतं. सोताच्याला बघताना डोळं खरं बोलत न्हाईत."

तिनं पाच पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर तारीख घातली.

*

नंतरचे तीन आठवडे बिरदेव बारामतीत तडे बघत हिंडला. काम नसलं की सायकल काढायची आणि जायचं. मार्केट यार्डातल्या गाळ्यांपुढचा कोबा बघितला, त्याला पंधरा वर्षं झालेली, ट्रकांच्या चाकांनी गुळगुळीत, चार तडे, सगळे दिसणारे आणि न दुखणारे. एस.टी. डेपोत फलाटाच्या कडेला वाकून बसला तेव्हा एका कंट्रोलरनं विचारलं, काय पडलं का तुमचं, तर म्हणाला, व्हय, बघतोय. एका दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टरीणबाईंनी त्याला पेशंट समजून आत बोलावलं. आणि स्वतःच बारा वर्षांपूर्वी बांधलेल्या एका गोठ्यात तो म्हशीच्या पायांत शिरून बघून आला. एकही तडा नव्हता. आणि बघून त्याला बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं.

घरी गोजरबाई ताट वाढायची.

"आज कुनाच्या घराला भेग बघून आलासा?"

"कुनाच्या न्हाय."

"माज्या टाचंला बगा. चार हायत. त्या मोजा."

तो मोजायचा. खरोखर तिचा पाय मांडीवर घेऊन मोजायचा. "पाच हायत."

"पाचवी पाडव्यापासनंची," ती म्हणायची. "तुमच्या तोंडाकडं बघून पडली."

त्याला हसू यायचं आणि लगेच जायचं. तिला ते जाताना दिसायचं. एकदा ती म्हणाली, "अवं, मानसिंगाला दिलं घर, तर दिलं. आपली भाकरी काय त्या घरात हाय का?"

"भाकरीचं न्हाय गं."

"मग?"

"रस्त्यानं जाताना एकांदं घर दिसावं, आन म्हणावं, ह्ये म्या बांधलंय. सगळं. अर्धं न्हाय. एवढंच."

गोजरबाई त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून म्हणाली, "खावा. तडं बघायला ताकद लागती."

*

काच अ-१: शाबूत. अ-२: शाबूत. अ-३: शाबूत. अ-४: सौरभनं पाय ठेवला, फुटली, ती हिशेबात धरायची नाही. अ-५: शाबूत.

अक्षय्य तृतीयेला चार दिवस राहिले होते. "मामा, तडा मेलेला," राजेश्वरी म्हणाली. "पावसाळा झाल्याशिवाय पैजेवर सांगता येणार नाही, पण आत्ता तरी जमीन हलत नाही. हा सलग केल्याचा तडा. तीस फुटांत सांधा नाही, त्यानं स्वतःच स्वतःला सांधा पाडून घेतला."

"त्ये आबांना म्या सांगितलं व्हतं."

"मी पण सांगीन. पण मामा, हे जाळं? हे पीठ?"

ते दोघं पुन्हा कोब्यावर फिरायला लागले. बिरदेव हातोडीच्या दांड्यानं ठोकत होता. मध्ये ठोकलं की मुका आवाज, पोळपाटावर थापल्यासारखा. ठोकत ठोकत तो मागच्या भिंतीकडं गेला आणि आवाज बदलला. खणखणीत. एक पाऊल मागं, मुका. एक पाऊल पुढं, खणखणीत. त्यानं गुडघ्यावर बसून बोटानं जागा चाचपली. तिथं कोबा गडद होता, कठीण होता, आणि जाळं एका सरळ रेषेत संपत होतं. सुतानं आखावं तसं.

"हितं पाचट व्हतं," तो म्हणाला.

"आणि पलीकडं?"

"पोती."

मुंगळे त्याच वेळी फिरत होते. बिरदेवनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. ते जाळ्याजाळ्यांतून हिंडत होते. कठीण पट्टीवर एकही नव्हता. रांगेचा शेपटा कडेला रचलेल्या पोत्यांच्या ढिगात शिरला होता. त्यानं उठून वरच्या पोत्याचा एक कोपरा तोंडात घातला. वाळलेला ताग, माती, सिमेंट. दाढेखाली दाबला. मग तो थुंकला नाही, नुसता उभा राहिला.

"गोड हाय," तो म्हणाला.

राजेश्वरीनं दुसऱ्या दिवशी कॉलेजातून विचारून आणलं. साखर सिमेंटला बसूच देत नाही. खूप लागतही नाही, सिमेंटच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कितीतरी कमी पुरते. पोत्याच्या धाग्यांत अडकलेली साखर रोज पाणी मारलं की झिरपत होती. जेवढं पाणी जास्त, जेवढी काळजी जास्त, तेवढी साखर जास्त. वरचं अर्धा-पाऊण इंच सोळा दिवस कच्चंच राहिलं. खालचं काँक्रीट पक्कं होतं. सरांनी असंही म्हटलं होतं की पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

"मामा, सुटलात!" ती धावतच सांगायला आली. "तुमचा काही दोष नाही. आज संध्याकाळी आबांना सांगते."

"सांगू नगंस."

"का?"

"पोती कुनी आणली?"

राजेश्वरीनं हातातली वही मिटली.

"इंदापूरपर्यंत गेली ती," बिरदेव म्हणाला. "उन्हात. भावाच्या हातापाया पडून. सोळा दिवस सकाळ-दुपार-सांज पाणी मारलं तिनं. मी म्हनायचो ऱ्हाऊ दे, तर म्हनायची, तुमचं पैलं घर हाय म्होरं, कोबा बघूनच लोक घराचं बोलतील. आता मी जाऊन सांगू, माजा कोबा बायकूनं घालवला? सौरभ काय म्हनंल? समदी जळोची काय म्हनंल? जन्मभर साखरबाई म्हनतील तिला."

"पण घर जाईल, मामा."

"जाऊ दे. त्ये सांध्याचं तेवढं सांग आबांना, त्ये खरं हाय. जाळं माज्या नावावर लाव."

*

बिरदेवला आयुष्यात कधी काही फेकता आलं नव्हतं. वाकडा खिळा सरळ करून ठेवायचा. तुटलेल्या घमेल्यात कोंबड्यांना पाणी. त्यानं बावीस पोती गुंडाळून सायकलवर घातली आणि ओढ्याच्या पलीकडं नेऊन जाळली.

दुसऱ्या दिवशी:

"माजी पोती कुठं हायत?"

"कुठली?"

"बसकरं करायची व्हती त्याची. बावीस व्हती."

"गेली."

"गेली म्हंजे? पाय फुटलं?"

"चोरीला गेली."

"कोन चोरनार फाटकी पोती?"

"चोरतात. हल्ली काय बी चोरतात."

गोजरबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो अंगणातल्या बाजेची नवार आवळत होता. ती कालच आवळली होती. एकतीस वर्षांत हा माणूस तिच्याशी दोनदा खोटं बोलला होता आणि दोन्ही वेळेला त्यानं असंच काहीतरी आवळलं होतं. तिनं पदर खोचला आणि ती जळोचीच्या शेडकडं चालायला लागली.

तिथं तिला कुणी काही सांगितलं नाही. राजेश्वरी कॉलेजात होती. शेड उघडी. गोजरबाई कोब्यावर अनवाणी फिरली. पोतं कुठपर्यंत अंथरलं होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत? तिच्या तळव्यांना पीठ लागलं, मग मागच्या भिंतीकडं ते लागायचं थांबलं. ती परत आली, पुन्हा गेली. पोत्यांचा ढीग होता तिथं अजूनही मुंगळे गोल गोल हिंडत होते. ती त्यांच्यासमोर बसली.

"आरं द्येवा," ती म्हणाली.

*

अक्षय्य तृतीयेला सकाळी दहा वाजता शेडपुढं सगळे जमले होते. घराच्या जागेवर चार खुंट्या ठोकलेल्या, अजून सूत बांधलेलं नव्हतं. सौरभनं बोलावल्याप्रमाणे मानसिंग कॉन्ट्रॅक्टर मोटारसायकलवरून आला होता. स्वच्छ शर्ट, खिशात मोजपट्टी, वागायला सभ्य. त्यानं कोबा बघितला, वाकून पीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाला, "माल कमी पडला म्हणवत नाही. खालचं पक्कं आहे. वर काय झालंय ते मला कळेना."

राजेश्वरीनं सांध्याचं सांगितलं. काचा दाखवल्या. दत्तोबा कान चोळत म्हणाले, "म्हंजे त्यो मोठा तडा माजा?"

"तुमचा, आबा. सलग पाहिजे म्हणालात."

"आन बाकीचं जाळं?"

राजेश्वरीनं बिरदेवकडं बघितलं.

"त्ये माजं," बिरदेव म्हणाला. "घोटताना पाणी ज्यादा झालं आसंल. वय झालं. हाताला कळंना." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "मानसिंगराव चांगलं काम करतात. मी बघितलंय, मार्केट यार्डाच्या मागं. घर त्यांना द्या, आबा. मी ह्यो कोबा खरवडून नीट करून देतो."

"पाणी ज्यादा झालं म्हनं!"

गोजरबाई फाटकातून आत येत होती. डोक्यावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. ती चालत आली होती आणि तिला धाप लागली होती.

"आबा, ह्यो मानूस खोटं बोलतोय. त्याला येत न्हाय तरी बोलतोय. पोती माजी. साखरंची व्हती. कुंडल्यानं दिली, म्या आणली, म्या हातरली, म्या पाणी घातलं. जितं पोतं तितं पीठ, जितं पाचट तितं दगुड. बगा जाऊन. मुंगळ्याला कळलं, मला म्हैनाभर कळलं न्हाय!"

"गोजरे, गप," बिरदेव म्हणाला.

"का गप? मला काय म्हाईत सिमिटाला गोड चालत न्हाय? तुमाला तरी व्हतं म्हाईत? आबा, तुमाला व्हतं?"

"न्हाय बा," दत्तोबा म्हणाले.

"ह्यांना इचारा, शर्टवाल्यांना."

मानसिंगनं चिमटीतलं पीठ झटकलं. "बाई, खरं सांगतो, मलाही नव्हतं. मागच्या वर्षी मीही पोतीच वापरली होती. माझी मिठाची निघाली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक."

सौरभ हसला आणि मग त्यानं हसू गिळलं. गोजरबाई त्याच्याकडं वळली. "हस की. म्हन मला काय म्हनायचं त्ये. साखरबाई म्हन. पन माज्या धन्याच्या हाताला कळंना म्हनला ना कुनी, तर त्याला मी कळवीन." मग ती बिरदेवकडं वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "आन तुमी. माजी पोती जाळलीसा. बसकरं झाली असती त्याची बावीस."

"बावीस न्हाय," बिरदेव म्हणाला. "एकवीस. एक मी चावलं."

पहिले दत्तोबा हसले. मग मानसिंग. राजेश्वरी तोंडावर वही धरून वळली. गोजरबाईनं दात-ओठ खाऊन राग धरायचा प्रयत्न केला आणि तो तिला धरता आला नाही.

हसणं थांबल्यावर दत्तोबा खुंट्यांकडं चालत गेले. एक खुंटी वाकडी होती, ती त्यांनी पायानं दाबली. बिरदेव जागच्या जागी उभा होता; त्याचा हात उगाच खिशातल्या सुतळीच्या गुंड्याशी चाळा करत होता.

"बिरदेवा," दत्तोबा म्हणाले, "हितं मुरूम कितीवर लागंल?"

"साडेपाच फूट," तो म्हणाला. "सहा धरा. मुरूम लागल्याबिगर पाया भरायचा न्हाय, आबा. आन एक सांगतो. वट्याला सांधं सोडनार. तुमी आरसा म्हना, का काय बी म्हना."

"सोड. धा सोड." दत्तोबा सौरभकडं वळले. "सूत धर तिकडनं. मानसिंगराव, च्या घेतल्याशिवाय जायचं न्हाय."

सौरभनं क्षणभर मान खाली घातली, मग जाऊन सुताचं टोक धरलं. "मामा, ताणू का?"

"ताण. आजून. बास."

गोजरबाई चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन सुताच्या बाजूनं वाकून चालायला लागली. मुठीतून पांढरी रेघ पडत गेली, थोडी वाकडी, आणि बिरदेव तिच्या मागून जात ती बोटानं सरळ करत गेला.

थापी कशी धरायची हे बिरदेवला गोजरबाईनं शिकवलं. बहात्तर साली इंदापूरकडच्या दुष्काळी कामावर ती त्याच्या आधी दीड महिना लागली होती.